नंबर दिसत होता का?

आमच्या गावचं माजी सैनिक मंडळ दर १६ डिसेंबरला मारुतीच्या देवळात जमतं. कराडला १९७१ च्या विजय दिवसाचा समारोह मोठा होतो, त्यामानाने आमचा कार्यक्रम घरगुती. तसबिरींना हार घालायचे, हजेरी घ्यायची आणि मग बडा खाना, म्हणजे फौजेसारखं सगळ्यांचं एकत्र जेवण. सातारा तालुक्यात घरटी वर्दीचं नवल नाही. पहिल्या महायुद्धात अपशिंग्याचे ४६ जण कामी आले आणि त्या गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात.

आमचे आप्पा जंगी पलटणीत होते, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत. घरी लढाईचा शब्द काढत नसत. त्यांची लढाई मला कळली ती या देवळातच. मंडळाची एक रीत होती: वर्षभरात फौजेची काही वेगळी बातमी आली, तर कुणीतरी कात्रण जपून ठेवायचं आणि ते जेवणाआधी वाचायचं.

पहिलं आठवतं ते १९७४ चं. मी आठ वर्षांची होते आणि आप्पा सुट्टीवर आले होते. हिरू ओनोडा नावाचा जपानी अधिकारी फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर जवळजवळ २९ वर्षं लपून लढत राहिला होता. लढाई संपली, बाहेर ये, असे कागद विमानातून टाकले तर त्याला तो शत्रूचा डाव वाटला. शेवटी त्याच्या जुन्या वरिष्ठाने तिथे जाऊन हुकूम वाचून दाखवला, तेव्हा कुठे त्याने शस्त्र खाली ठेवलं. पोरं हसली. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढलेले एक आजोबा मात्र ताडकन म्हणाले, "हसू नगा. ज्यानं हुकूम दिला त्यानंच मागं घ्यायचा असतो."

कागदावरून आप्पांना बांगलादेशातलं जमालपूर आठवलं. डिसेंबर १९७१. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली. ती घेऊन गेला मुक्तिबाहिनीचा, म्हणजे बांगलादेशासाठी लढणाऱ्या फौजेचा, एक म्हातारा. पाकिस्तानी कर्नलचं उत्तर आलं ते बंदुकीच्या गोळीला गुंडाळून: पुढच्या भेटीत हातात पेन नको, स्टेनगन असू दे. "आमी शहराच्या मागं रस्ता धरून बसलेलो. १० तारखेच्या रात्री ती पलटण बाहेर पडाया निघाली, ती थेट आमच्यावर आली." एवढं बोलून आप्पांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. पुढचं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तोवर मला वाटायचं, आप्पांना बोलताच येत नाही.

मग वर्षं गेली. मी सासरी गेले, तरी १६ तारखेला यायचेच. म्हाताऱ्यांची नजर कमी झाली तशी कात्रण वाचायची पाळी माझ्यावर आली.

२०२२ साली मी वाचलं ते सियाचीनचं. लान्सनायक चंद्रशेखर हरबोला, १९ कुमाऊँ पलटण. मे १९८४ मध्ये हिमस्खलनात गाडले गेले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये, ३८ वर्षांनी, बर्फात सापडले. वाचून संपलं तरी कुणी हललं नाही. मग एका सुभेदारांनी विचारलं, "नंबर दिसत होता का?"

"होय, फौजी नंबराच्या बिल्ल्यावरूनच ओळख पटली."

त्यांनी मान डोलावली आणि स्वतःचा नंबर म्हटला, खणखणीत, हजेरीला म्हणावा तसा. मग शेजारच्यांनी त्यांचा म्हटला. मग पुढच्यांनी. रोजच्या गोळ्या घेतल्या की नाही ते आठवत नाही अशी ती माणसं, पण एकाचाही आकडा अडखळला नाही. आप्पांनी जानव्यासारखी गळ्यात घातलेली दोरी ओढून वर काढली. तिला ट्रंकेची किल्ली होती आणि तिच्यासोबत त्यांचा बिल्ला. अक्षरं झिजून गुळगुळीत झालेली. नंबर म्हणताना त्यांचा अंगठा त्या आकड्यांवरून फिरत होता.

बायका भाकऱ्यांच्या टोपल्यांपाशी बसलेल्या. आई तिथूनच म्हणाली, "आन् त्याची बायको?"

"आहे. दोन लेकी आहेत. तेव्हा अगदी लहान होत्या."

आई माझ्याकडे बघत राहिली. "मंग लेकीस्नी बाप आणून दिला म्हणायचा," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून टोपली उचलून वाढायला उठली. रस्सा केव्हाच गार झाला होता. सगळे तसेच जेवले.