स्क्रीनशॉट हलका करायचाय? आधी जेपेगचा नाद सोडा

स्क्रीनशॉट जड वाटला की लोक सरळ जेपेग (फोटोंचा तो नेहमीचा .jpg फॉरमॅट) करून मोकळे होतात, आणि मग अक्षरांच्या कडेने तो मळकट धुरळा दिसायला लागतो, लाल अक्षरं तर पार फिसकटतात. जेपेग फोटोसाठी बनलंय, ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनात चित्र तोडून बारीक तपशील गाळतं, आणि अक्षराची धार म्हणजे नेमका तोच तपशील! त्यामुळे मेनू, कोड, एक्सेल असलं काही असेल तर पीएनजीच (तपशील न गाळणारा चित्राचा फॉरमॅट) ठेवा, फक्त रंग कमी करा. साध्या विंडोत रंग असतात तरी किती, पांढरा, करडा, एखादा निळा... पीएनजीक्वांट नावाचं फुकट टूल आहे, ते चित्र जास्तीत जास्त २५६ रंगांवर आणतं, साइझ बऱ्याचदा निम्म्याच्याही खाली येते आणि डोळ्याला फरक कळतही नाही. मागे ग्रेडियंटवाला, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारा वॉलपेपर असेल तर मात्र पट्टे दिसतील, पण तो वॉलपेपर बघायचाय कुणाला? क्रॉप करा की राव. आणि स्क्रीनचं स्केलिंग (सगळं मोठं दाखवायची सेटिंग) २०० टक्के असेल तर पिक्सेल चौपट होतात, तेव्हा लांबी-रुंदी बरोब्बर निम्मी करा, ७३ टक्के वगैरे अधलंमधलं केलं की अक्षरं पुसट होतात. व्हिडिओतली फ्रेम असेल तर खुशाल जेपेग.