झोंबीपटातली लाल कंधारी आणि तिच्या कानातला बिल्ला : माझा अनुभव

आमच्या कंधार तालुक्यात झोंबींचा सिनेमा होतोय, आणि तोही मी पारायणं केलेल्या कादंबरीवरून, हे कळल्यावर आनंदाच्या आधी भीती वाटली की हे लोक त्यातली गाय गाळणार. कादंबरीत रोग पसरतो, मेलेली माणसं उठून चालायला लागतात, अख्खं गाव पळतं. मागे राहते दावणीची एक लाल कंधारी गाय. तिचा मालक झोंबी होऊन गोठ्यात येतो आणि ती रोजच्यासारखा त्याचा हात चाटते. माझ्या लेखी त्या प्रसंगासाठीच बाकीची कादंबरी आहे.

पुस्तकाचा सिनेमा होताना काय काय गळतं, ते आपण पाहिलेलं आहे. मॅक्स ब्रुक्सचं 'वर्ल्ड वॉर झी' हे २००६ चं पुस्तक. लढाई संपल्यावर जगभरातल्या माणसांनी सांगितलेल्या आठवणी, प्रत्येकाचा आवाज निराळा. २०१३ च्या सिनेमात एकच नायक देशोदेशी धावत राहतो. पुस्तकाचं नाव तेवढं शिल्लक राहिलं. घरच्या मातीत तसं होऊ द्यायचं नव्हतं.

दिग्दर्शक पोरगा आमच्याच गल्लीतला. तो म्हणाला, "ताई, गाय राहू द्या. कागदं लई लागतात. कॉम्प्युटरवर करून घेऊ." मी म्हणाले, कागदं माझ्याकडे दे. लेखिकाबाईंची परवानगी आधीच मिळालेली होती. (तुम्ही कुणाच्या पुस्तकावर सिनेमा करणार असाल तर लेखी करारात मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहून घ्या. नाही लिहिलं तर कायदा मुदत पाच वर्षांची आणि प्रदेश फक्त भारत असा धरतो.)

टॉकीजला दाखवायचा सिनेमा असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, आणि सिनेमात जनावर वापरलेलं असेल तर प्राणी कल्याण मंडळाचं ना-हरकत पत्रही लागतं. २००१ च्या नियमांप्रमाणे जनावराची जात, वय, तब्येत, ते पडद्यावर काय करणार, किती वेळ करणार, त्याला कुणी आणि कसं शिकवलं, हे सगळं शूटिंगच्या आधी कळवायचं असतं. 'प्रशिक्षणाची पद्धत' हा रकाना वाचून दाखवला तर गायीचे मालक, आम्ही त्यांना मामा म्हणतो, म्हणाले, "शिकवायचं काय त्यात? हात दिसला की चाटतीच ती." मी तसंच लिहिलं: प्रशिक्षण नाही, नेहमीची सवय. ते चाललं.

चाललं नाही ते जनावरांच्या डॉक्टरांचं, गायीच्या तब्येतीचं प्रमाणपत्र. खरं तर दहा मिनिटांचं काम. पण आमच्या दवाखान्यातली डॉक्टरची जागा रिकामी, आणि शेजारच्या दवाखान्याचे डॉक्टर अतिरिक्त कार्यभारावर, म्हणजे येतील तेव्हा येतील. ते आले, कानातला सरकारी नोंदणीचा पिवळा बिल्ला पाहिला, बारा आकडे कॉम्प्युटरवर टाकले, तर नाव निघालं भलत्याच माणसाचं. मामांनी गाय माळेगावच्या यात्रेत घेतली होती आणि नोंद जुन्या मालकाच्याच नावावर राहिली होती.

मामांनी खरेदीची पावती जपून ठेवली होती. नोंदीच्या खिडकीतल्या माणसाने ती हातातही घेतली नाही. "बिल्ल्याचा मालक आणि अर्जाचा मालक एक पाहिजे. जुन्या मालकाला घेऊन या." जुना मालक मुखेड तालुक्यातला, दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेला, तिकडे कोल्हापूरकडे. मी सांगितलं की तो माणूस आता फडात आहे, टोळीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, मधेच कसा येणार? उत्तर आलं, "मग पट्टा पडल्यावर या." पट्टा पडायला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायला, मार्च-एप्रिल उजाडतो, हे नांदेड जिल्ह्यात बसलेल्या माणसाला मी सांगायचं का? अजूनही ते वाक्य आठवलं की डोकं तापतं. पावती आहे, गाय समोर उभी आहे, मामांनी हाक मारली की मान वळवते, आणि खिडकीतून कुणी तिच्याकडे बघायला तयार नाही.

जुन्या मालकाचा फोन दिवसा लागायचा नाही, रात्री कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, आल्यावरच. लागला तेव्हा त्यांनी आधी गायीचीच चौकशी केली, व्याली का, कालवड झाली का. मग म्हणाले, "गाय माझी व्हती, आता त्यायची हाय. लिहून द्यायला काय जातंय?" मुकादमाच्या पोराने कागद लिहिला, यांनी अंगठा उठवला, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. मी त्याची प्रिंट घेऊन गेले. "मूळ प्रत लागेल." मग तो कागद ऊसाच्या फडातून कारखान्याच्या गेटवर, तिथून गावाकडे निघालेल्या एका ड्रायव्हरच्या खिशातून आमच्यापर्यंत आला. घामाने मऊ पडलेला होता. तो खिडकीतून आत सरकवला तेव्हा मी तिथून हललेच नाही. नोंद बदलल्याचं पडद्यावर दिसलं आणि मगच बाकावर बसले.

म्हणून सांगते, नटाच्या आधी जनावर ठरवा, आणि जनावर ठरवायच्या आधी त्याच्या बिल्ल्यावरचं नाव बघा. बाजारातून जनावर आणलं की त्याच आठवड्यात नोंद बदलून घ्या, सिनेमा असो की नसो. पुढे विमा, लसीकरण, विक्री, सगळीकडे तेच आकडे विचारतात. आणि गोष्टीत बैल असेल तर आधीच नीट चौकशी करा. केंद्राच्या २०११ च्या अधिसूचनेत खेळ करून दाखवायला मनाई असलेल्या जनावरांत अस्वल, माकड, वाघ, सिंह यांच्या सोबत बैलही आहे.

डॉक्टर मात्र माणूस चांगला. जबडा उघडून दात पाहिले, सहा दाती म्हणून लिहिलं, ताप पाहिला, कासेला हात लावला, लम्पीच्या जुन्या गाठी नाहीत ना म्हणून कातडीवरून तळवा फिरवला. झोंबीच्या हाताला लावायचं रक्त कशाचं, हेही विचारलं. मेकअपवाल्या पोरीने रंग आणला होता, त्यावर ते नको म्हणाले. मग बिटाचा रस आणि गुळाचं पाणी ठरलं, आणि तेच अर्जातही लिहिलं.

शूटिंगला गाय बुजेल अशी सगळ्यांना धास्ती होती. झोंबी झालेला नट पाय ओढत गोठ्यात आला. तिने कान पुढे केले, फुस्स केलं, आणि गुळाचा वास लागताच त्याच्या मनगटापासून बोटांपर्यंत जीभ फिरवली, अगदी कादंबरीत लिहिल्यासारखी. नटाने कुणी न सांगता तिच्या पोळीवर हात ठेवला. हे पुस्तकात नाही, पण असायला हवं होतं. दिग्दर्शकाने पहिलाच टेक ठेवला.

शूटिंगनंतरचा अर्ज वेगळा असतो. त्यासाठी कॅमेऱ्यामागचे, गायीला सावली-पाणी दिल्याचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. आता पोरगा पुढच्या भागात शेळ्यांचा कळप पाहिजे म्हणतोय. करू म्हटलं. आधी प्रत्येक शेळीचा कान बघून ये.