तिसरी ओळ

गाठीतली बरीच जनुकं एकदम तपासणाऱ्या पॅनेलचा रिपोर्ट सकाळीच आला. पेशंट 52 वर्षांच्या बाई, बिहारातल्या गंगाकाठच्या गावच्या. तिकडेच कधीतरी दुर्बिणीतून पित्ताची पिशवी काढलेली. खडे बाटलीत घालून घरच्यांच्या हातात दिले, पिशवी मात्र तपासणीला न पाठवता फेकून दिली. आता बेंबीजवळच्या टाक्याखाली गाठ, आणि गाठीत पित्ताशयाचाच कॅन्सर. मुंबईत पित्ताशयाच्या कॅन्सरचे पेशंट उत्तर प्रदेश-बिहार-बंगालकडून सारखे येतात. आपल्या सातारा-कोल्हापूरकडचे त्या मानाने तुरळक.

पहिल्या दोन ओळी ओळखीच्या होत्या. टीपी53 या जनुकात म्युटेशन, म्हणजे बदल, आणि ईआरबीबी2 या जनुकाच्या, म्हणजे हर-2 च्या, वाढलेल्या प्रती. दुसरीने बरं वाटलं, कारण या आजारात औषधाने नेम धरावा अशी जागा फार वेळा मिळत नाही. लगेच हर-2 चं प्रथिन रंगवलेली स्लाइड लावली. पेशींच्या कडा गडद तपकिरी, कमी भिंगातूनही ठसठशीत दिसणाऱ्या. 3+, म्हणजे सर्वांत वरची श्रेणी, वाद नाही.

अडले ते तिसऱ्या ओळीवर. बीआरसीए2, म्हणजे बिघडलं तर स्तन-अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारं जनुक, त्यातला एक बदल, शेरा 'महत्त्व अनिश्चित'. डीएनए वाचताना 49 टक्के वाचनांत तो दिसलेला. तपासलेल्या गाठीच्या तुकड्यात कॅन्सरच्या पेशी जेमतेम 30 टक्के. गाठीत नव्याने झालेला बदल असता तर तो फक्त त्याच पेशींत, तोही जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीत असता, म्हणजे आकडा 15 च्या आसपास हवा. म्हणजे हा जन्मजात. आणि जन्मजात बीआरसीए2 म्हटलं की मुलींपर्यंत धास्ती पोचते.

जगभरच्या डेटाबेसात तो जवळपास नव्हताच, म्हणून सॉफ्टवेअरने त्याला संशयितांत बसवलेलं. मग सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचा इंडिजीनोम्स हा डेटाबेस उघडला. 1,029 निरोगी भारतीयांचे जीनोम आहेत त्यात. तिथे तो सापडला, तोही एकदोघांत नव्हे. परदेशी याद्यांत आपली माणसंच थोडी, त्यामुळे आपल्याकडचा साधा फरकही तिथे दुर्मीळ दिसतो.

दुपारी ट्यूमर बोर्डात, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बैठकीत, एका रेसिडेंटने 2014 चा चिनी पेपर काढला: पित्ताशयाच्या 36.8 टक्के गाठींत ईआरबीबी2 आणि त्याच्याशी जोडलेल्या जनुकांच्या गटात म्युटेशन. आपल्याकडेही तेवढंच धरायचं का? मी म्हटलं, नको. जपानमध्ये पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका चुकीच्या जागी जुळलेल्यांच्या गाठींत केरास या जनुकातलं म्युटेशन जास्त सापडतं. तिथे रोगाची वाटच वेगळी आहे. कोरिया, भारत आणि चिले इथल्या 167 गाठी 2020 मध्ये एकत्र तपासल्या, तेव्हा आधी या आजाराशी न जोडलेलं ईएलएफ3 हे जनुक पुढे आलं. आकडा सांगताना गाठी कुठल्या आणि खड्यांच्या की नलिकेच्या, हेही सांगावं, नाहीतर तो सांगूच नये असं माझं मत.

संध्याकाळी पेशंटचा मुलगा भेटला. वसईला कारखान्यात कामाला. "मॅडम, ये हमारे खून में है क्या? गाँव में और भी औरतों को हुआ है."

सरळ हो-नाही देता येईना. गाठीतली ती दोन म्युटेशन आईच्या एका पेशीत पुढे कधीतरी झालेली, ती वारशाने जात नाहीत, एवढं सांगितलं. पण टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी 2017 मध्ये भारतीय पेशंटांत एबीसीबी1 आणि एबीसीबी4 या जनुकांजवळचे वारशाने येणारे फरक या कॅन्सरशी जोडलेत. त्यातलं दुसरं पित्तात फॉस्फोलिपिड हा चरबीसारखा पदार्थ सोडण्याचं काम करतं. धोका त्याने थोडा वाढतो, कॅन्सर ठरत नाही. चिलेत मापुचे या तिथल्या मूळ रहिवासी वंशाच्या लोकांत हा आजार जास्त. तिथे 35 ते 49 वयाच्या खडे असलेल्यांची पिशवी काढायची हमी 2006 पासून सरकारने घेतलीय. आपल्या गंगेच्या पट्ट्यात तसं काही नाही.

"बहन को भी पत्थर है," तो म्हणाला. सर्जनला दाखव, ऑपरेशन झालं तर बायोप्सीचा रिपोर्ट मागून घे, असं सांगितलं.

तिसऱ्या ओळीपुढे 'बहुधा निरुपद्रवी' लिहून रिपोर्ट पुन्हा काढला. बोर्डाने केमोबरोबर हर-2 वर नेम धरणारं ट्रास्टुझुमॅब द्यायचं ठरवलं होतं. मुलगा पैशांच्या अर्जासाठी समाजसेवा विभागात गेला. खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती.