फ्रँचायझी मिळवताना अडलेली स्वभाव चाचणी

गोव्यातल्या फोंड्यात गाळा मिळाला, पालिकेचा परवाना झाला, एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या परवान्याचं, काम झालं, बँकेनं कर्जही मंजूर केलं. अडलं ते कंपनीच्या स्वभाव चाचणीवर. अजून आठवलं की डोकं तापतं.

चहा-नाश्त्याच्या एका ब्रँडची फ्रँचायझी, म्हणजे त्यांच्या नावानं आणि त्यांच्या नियमांनी दुकान चालवायचा हक्क, मी घेत होते. अर्जानंतर ऑनलाइन प्रश्नावली आली. ‘मला धोका पत्करायला आवडतो’, ‘मी माझी वाट स्वतः शोधते’, ‘चार लोकांत मीच पुढाकार घेते’, अशा वाक्यांपुढे सहमत की असहमत ते निवडायचं. मी वेर्ण्याच्या औषध कारखान्यात क्वालिटी विभागात होते. लिहून दिलेली प्रत्येक पायरी तशीच पार पडली का, हे बघून मगच बॅच रेकॉर्डवर सही करायची, हे माझं रोजचं काम. मी उत्तरं खरी दिली. शेरा आला: उद्योजकता कमी, फाईल होल्डवर.

पुढे नुसती वाट बघणं. फोन केला की ‘हेड ऑफिसचा रिव्ह्यू बाकी आहे’. पुढच्या खेपेला फोनवर दुसराच माणूस, त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. कोणतं उत्तर खटकलं ते कुणी सांगेना. इकडे बंद गाळ्याचं भाडं चालू. काका म्हणाले, ‘त्यांना हवी तशी उत्तरं दे आणि मोकळी हो.’ अशा चाचणीत हवं तसं उत्तर देणं अवघड नाहीच, पण ते मला पटेना.

मला राग याचा आला की त्यांचाच करार या प्रश्नांच्या उलट होता. चहाचं प्रमाण, कपाचा आकार, भिंतीचा रंग, माल कुणाकडून घ्यायचा, दुकान किती वाजता उघडायचं, सगळं ठरलेलं. स्वतःची वाट शोधणारा माणूस तिथे सहा महिन्यांत भांडून बाहेर पडेल. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. वाद झाला तर मुख्य आधार 1872 चा करार कायदा आणि तुम्ही सही केलेली पानं. म्हणून ती पानं वाचताना जीव घुसमटतो का, हीच मला सगळ्यांत खरी चाचणी वाटते.

नियम पाळणाऱ्याला डोकं नसतं, असं मात्र कुणी समजू नये. सिनसिनाटीतले मॅकडोनाल्ड्सचे फ्रँचायझीधारक लू ग्रोएन यांच्याकडे कॅथलिक ग्राहक शुक्रवारी मांस खायचे नाहीत, धंदा बसायचा. 1962 मध्ये त्यांनी माशाचं सँडविच सुचवलं, कंपनीची परवानगी मिळवली, मग विकलं. गोव्यात राहणाऱ्याला तो शुक्रवार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कल्पना सुचल्यावर माणूस आधी विचारतो की परस्पर करून मोकळा होतो, इथेच त्याचा स्वभाव कळतो. आपल्याकडे पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाईक भाजीपाव मागणार. मेनूत नसेल तर हसून ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे.

शेवटी मीच मेल केला: चाचणी बाजूला ठेवा, तुमच्या मडगावच्या दुकानात मला काम करू द्या. मान्य झालं. दुपारी आजूबाजूची दुकानं शटर ओढून जेवायला गेली, आम्ही काउंटरवर उभे. चहाचं माप, फ्रिजच्या तापमानाची नोंद, रात्रीचा हिशोब, सगळं मला कारखान्यासारखंच वाटलं आणि आवडलंही. तिथल्या मालकानं कंपनीला काय कळवलं ठाऊक नाही, पण होल्ड उठला. त्या दिवशी मला माझा खरोखर अभिमान वाटला.

हो, एक राहिलं. रॉयल्टी, म्हणजे नाव वापरल्याबद्दल कंपनीला द्यायचा वाटा, बहुधा विक्रीवर लागते, नफ्यावर नाही, आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. तोट्याच्या महिन्यातही ती भरताना ज्याची झोप उडत नाही, त्यानंच यात पडावं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, दुकान चालू ठेवायची अट आहे का, तेही घरच्यांसमोर बसून वाचा. फ्रँचायझी सोडून गेलेल्या एखाद्याशी बोला. कंपनी त्याचा नंबर स्वतःहून देत नाही. आणि फाईल होल्डवर गेली तर आगाऊ भरलेली टोकन रक्कम किती दिवसांत परत मिळणार, हे चाचणीला बसण्याआधी लेखी घ्या.