साडेदहाच्या आत चालू न होणारा कॉम्प्युटर

‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ असा फोन आला की मी आधी तीनच गोष्टी विचारतो. पंखा फिरतो का, पुढचा दिवा लागतो का, आतून बीप येतो का. या वाक्याचे अर्थ फार निघतात. कुणाचा मॉनिटर बंद असतो, कुणाचं विंडोज अडकलेलं असतं, कुणाला पासवर्ड आठवत नसतो, कुणाच्या स्पाइक बोर्डाचं बटण झाडूवाल्या मावशींच्या हातून दाबलं गेलेलं असतं. एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यात, पाल शिरून जळालेलीही मी काढली आहे. निम्म्याहून जास्त फोन जागेवरून न उठता मिटतात.

निफाड तालुक्यातल्या त्या पतसंस्थेतून फोन आला तेव्हा कॅश काउंटरवरच्या ताईंनी मी विचारायच्या आधीच सांगितलं, “पंखा पाव फेरा मारतो आणि थांबतो. दिवा लागून विझतो. बीप नाही. साडेदहाच्या पुढे आपोआप चालू होतो. मग दिवसभर काही नाही, रीस्टार्टसुद्धा होतो.” इतकी नेमकी तक्रार इतक्या वर्षांत क्वचित ऐकली होती. पुढे त्या म्हणाल्या, “दादा, शक्यतो सकाळीच या. तुम्ही लोक अकराला येता, तेव्हा तो चालू असतो, आणि मग मी खोटी ठरते.”

हे ‘खोटी ठरते’ म्हणजे काय ते तिथे गेल्यावर कळलं. ताईंची त्या शाखेत बदली झाली दिवाळीच्या सुमारास, आणि मशीनची कुरबुर सुरू झाली तीही दिवाळीनंतरच. त्या मशीनवर ‘डे बिगिन’ झाल्याशिवाय शाखेचा दिवस उघडत नाही. पावती निघत नाही, पिग्मी एजंटाचा भरणा घेता येत नाही, कर्जाचा हप्ता घेऊन आलेला माणूस बाकावर बसून राहतो. नव्या बाई आल्यापासून काउंटर उशिरा उघडतो, ही बोलवा संचालकांपर्यंत गेली. मॅनेजरसाहेबांनी त्यांच्याकडून लेखी खुलासा मागितला होता. खुलाशाच्या पत्रात ‘संगणक हेतुपुरस्सर विलंबाने सुरू करणे’ असे शब्द होते. मला ते पत्र शिपाईमामांनी दाखवलं. ताईंनी नाही.

माझ्याआधी आमच्याच धंद्यातला एक तरुण मुलगा तिथे जात होता. तो यायचा साडेदहा-अकराला. कॅबिनेट उघडायचा, रॅम म्हणजे मेमरीची पट्टी काढायचा, तिचे सोनेरी पाय खोडरबराने घासायचा, ब्रशने धूळ झटकायचा, सगळं परत बसवून बटण दाबायचा. मशीन चालू. तीनशे रुपये. दोन दिवसांनी पुन्हा तेच. खोडरबराला मी हसत नाही. रॅमच्या पायांवर थर साचतो आणि घासल्यावर मशीन उठतं, हे खरंच घडतं. पण तेव्हा पंखा फिरत राहतो, अनेक मदरबोर्डांवर बीप येतो, फक्त स्क्रीनवर काही येत नाही. पंखा पाव फेऱ्यात थांबतो तिथे रॅमचा बहुधा संबंध नसतो. पोरांना क्लासमध्ये उपाय शिकवतात, लक्षणं शिकवत नाहीत. शिवाय या मशीनला अर्धा-पाऊण तास खाणारा कुठलाही उपाय लागू पडला असता. शिपाईमामांचाही एक होता. लक्ष्मीच्या फोटोची पूजा झाली की मशीन उठतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते हल्ली पूजा लवकर उरकत होते, पण मशीन ऐकत नव्हतं.

पहिल्या वेळी मी ते मशीन दुकानात आणलं. बेंचवर दोन दिवस ठेवलं, दर वेळी पहिल्या बटणाला उठलं. दुकान पत्र्याचं नाही, तीन बाजूंनी बंद आहे, आणि बेंचचा स्विचबोर्ड रात्री बंद करायची आमच्याकडे पद्धत नाही. हे दोन्ही मुद्दे नंतर कामाला आले. तेव्हा ‘दोष आढळला नाही’ एवढंच चिठ्ठीवर लिहून मशीन परत दिलं, आणि मॅनेजरसाहेबांनी ती चिठ्ठी ताईंच्या टेबलावर आणून ठेवली.

यानंतर ताईंनी मला त्यांची वही दाखवली. जुन्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या पानांवर त्यांनी रोजची नोंद ठेवली होती. मेन स्विच किती वाजता टाकला, पहिलं बटण किती वाजता दाबलं, मशीन किती वाजता उठलं. शेजारी एखादा शब्द. ‘ढग होते.’ ‘फार गार.’ एका दिवशी नऊ चाळीसलाच, पहिल्या बटणाला चालू, आणि शेजारी लिहिलेलं: ‘काल रात्री मीटिंग, मेन बंद करायचं राहिलं.’

मी त्या ओळीवर बोट ठेवून मामांना विचारलं, “रोज मेन बंद करता?”

“दिवाळीपासून, भाऊ. तिकडं एका हापिसात शॉर्टसर्किट होऊन आग लागली ना, तवापासून चेअरमनसाहेबांची ऑर्डर हाये. रात्री सगळं बंद. यूपीएस रातभर बोंबलतो म्हणून तोबी बंद करू राहिलो.”

कॉम्प्युटरच्या पुढचं बटण पंख्याच्या बटणासारखं नसतं. ते दाबल्याने करंट जोडला जात नाही. मेन चालू असला की एसएमपीएसचा एक छोटा भाग कायम जागा असतो आणि मदरबोर्डाला पाच व्होल्ट पुरवत राहतो. जांभळी वायर ती हीच. बटण दाबलं की बोर्ड या पाच व्होल्टांच्या जिवावर हिरवी वायर खाली, म्हणजे शून्य व्होल्टाकडे, ओढतो, आणि मग मोठा सप्लाय सुरू होतो. जांभळीवर दम नसेल तर बटणाला काही अर्थ उरत नाही. दिवाळीपर्यंत हा छोटा भाग अहोरात्र चालू राहून कोमट असायचा. दिवाळीनंतर तो रोज रात्री गार पडायला लागला, आणि थंडीही तेव्हाच सुरू झाली.

निफाडची थंडी बाहेरच्यांना सांगून पटत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतो, आणि पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. दुकानातल्या रद्दीतून मी तेवढ्या दिवसांचे पेपर काढले आणि ताईंच्या वहीशेजारी आकडे मांडले. पारा खाली गेला त्या दिवशी मशीन उशिरा उठलं होतं. ढगाळ दिवशी लवकर. एक-दोन दिवस सोडले तर रांग सरळ लागत होती. निदान इथेच झालं होतं. पण या धंद्यात मीटरवर दाखवल्याशिवाय कुणी मानत नाही, आणि खुलाशाच्या प्रकरणात तर नाहीच.

म्हणून मामांना सांगून ठेवलं की उद्या मी यायच्या आधी एकही स्विच टाकायचा नाही. सकाळी साडेसातला शटर उघडलं. आतली फरशी बुटातून लागत होती. मेन टाकायच्या आधीच कॅबिनेटचं झाकण काढलं, चोवीस पिनांच्या कनेक्टरच्या मागून मीटरची लाल सळई जांभळ्या वायरीत आणि काळी सळई काळ्या वायरीत खुपसली. मग मामांना म्हटलं, टाका.

पाच व्होल्टांना पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ४.७५ ते ५.२५. मीटर ३.७ दाखवत होता. मग ४.१, परत ३.८. आकडा उभा राहीना. बटण दाबलं, पंखा पाव फेरा हलला, आकडा धाडकन खाली आला, सगळं मेलं. मॅनेजरसाहेब मुद्दाम लवकर आले होते. ते माझ्या खांद्यावरून पाहत होते. मी त्यांना म्हटलं, “साहेब, आता तुम्ही दाबा.” त्यांनी दाबलं. तेच झालं. दुसऱ्यांदा दाबलं, जरा जोरात. लोक का जोरात दाबतात मला कळलेलं नाही, पण सगळे दाबतात.

मग मेन बंद केला, दुकानातून आणलेला चांगला एसएमपीएस त्याच गार बोर्डाला जोडला. पहिल्या बटणाला उठलं. म्हणजे बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळे निर्दोष. जुना परत लावला: पुन्हा पाव फेरा. आता शेवटची गोष्ट, आणि ती करताना मला मजा आली हे कबूल करायला हरकत नाही. शेजारच्या सलूनवाल्याने नुकतंच दुकान उघडलं होतं. त्याचा केस वाळवायचा ड्रायर मागून आणला, मशीनची वायर काढून ठेवली आणि जुन्या एसएमपीएसच्या जाळीतून पाच-सात मिनिटं कोमट वारा सोडला. वायर लावली. जांभळीवर ४.९. बटण दाबलं आणि मशीन उठलं. घड्याळात आठसुद्धा वाजले नव्हते. ताई दारात चप्पल काढत होत्या. त्यांनी आधी मशीनकडे पाहिलं, मग ड्रायरकडे, आणि विचारलं, “हे रोज करायचं का मग?”

एसएमपीएस मी दुकानात उघडला. कुणी वाचून घरी उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेवर व्होल्ट डीसी साठलेले असतात आणि वायर काढल्यावरही ते लगेच जात नाहीत. ते उतरवून पाहिलं तर छोट्या सप्लायचे दोन कपॅसिटर माथ्यावर फुगलेले, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट पाझर. कपॅसिटरच्या आत ओला रसायनी थर असतो. तो वाळत चालला की आतला अडथळा वाढतो, गारठ्यात आणखी वाढतो, आणि ऊब मिळाली की उतरतो. म्हणून मेन टाकल्यावर तासभर करंट आत खेळला की मशीन सुतासारखं सरळ. १०५ अंशांपर्यंत टिकणारे नवे कपॅसिटर घातले, एसएमपीएस रात्रभर गच्चीवर पिशवीत ठेवला आणि पहाटे तिथेच लावून पाहिला. जांभळीवर ५.०५, एकदम स्थिर.

डब्यावर ‘४५० वॅट’ छापलं होतं. वजनावरूनच कळतं की आत तेवढा माल नाही. पण संस्थेने तीन कोटेशनं मागवली होती, सगळ्यात स्वस्त घेतलं होतं, आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसकडे कोटेशन लिहिणाराही पाहत नाही आणि मंजूर करणाराही. सातशे-आठशे रुपये जास्त घातले असते तर हा हिवाळा निघाला असता. तिथे नवा, बरा एसएमपीएस बसवला. दुरुस्त केलेला माझ्याकडे बेंचला कामाला आहे.

बिलावर मी कारण सविस्तर लिहिलं: कुठला भाग, किती व्होल्ट, किती वाजता, तापमान काय. मॅनेजरसाहेब म्हणाले, “एवढं कशाला? ‘एसएमपीएस बदलला’ एवढं लिहा. ऑडिटला लांबलचक नको.” माणूस वाईट नाही. त्यांच्यावर संचालकांचं दडपण होतं, आणि दिवस उशिरा उघडतोय याचं उत्तर त्यांनाही वर द्यायचं होतंच. पण मशीन चालू होत नाही असं रोज तोंडाने सांगणारी, वहीत लिहिणारी बाई समोर बसलेली असताना त्यांना सकाळी साडेनऊला तिच्या खुर्चीशेजारी उभं राहावंसं कधी वाटलं नव्हतं. वहीबद्दल तर त्यांचं मत असं की ‘हे लिहायला वेळ आहे बघा यांच्याकडे.’ ज्या वहीने माझं निम्मं काम केलं, ती खुलाशाच्या फाइलीत ताईंच्या विरुद्ध लावलेली होती.

बिल मी त्यांना हवं तसं छोटं दिलं. आणि लेटरहेडवर वेगळा अहवाल दिला, दोन प्रतींत. कच्चा मसुदा ताईंना वाचायला दिला होता, वेळा बरोबर आहेत ना ते बघायला. त्यांनी एक वेळ दुरुस्त केली आणि खाली पेन्सिलने एक वाक्य घातलं: ‘सदर बिघाडात बटण कोणी दाबले याने फरक पडत नाही, मा. व्यवस्थापकांनी स्वतः दाबूनही संगणक सुरू झाला नाही.’ मी ते जसंच्या तसं टाइप केलं. मॅनेजरसाहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाला’ म्हणून सही केली.

खुलाशाचं पत्र मागे घेतलं का, हे मी मामांना दोनदा विचारलं. पुढच्या मीटिंगला ठेवणार आहेत, म्हणतात. मेन रात्री बंदच असतो, आणि ते बरोबरही आहे. नवा सप्लाय त्याला पुरून उरेल. मध्यंतरी साहेबांचा फोन आला होता, वार्षिक देखभालीचा करार करू म्हणून. रक्कम ठरली, भेटी ठरल्या. शेवटी म्हणाले, “आणि दर महिन्याला रॅम साफ करणं त्यात धरा.” करारात मी ते धरलेलं नाही. त्याऐवजी ‘काउंटरवरील नोंदवही दर भेटीत पाहणे’ असं कलम टाकून पाठवलंय. अजून सही होऊन आलेलं नाही.