एका न दिसणाऱ्या अक्षरापायी

त्या शुक्रवारी संध्याकाळी सहाला माझा एक कॉल होता, ऑफिसचा नाही, माझा स्वतःचा. गेली चार वर्षं रात्री बसून मी एक देवनागरी फॉन्ट करतेय, त्यातली थोडी अक्षरं एका फाउंड्रीला, म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीला, पाठवली होती आणि त्यांनी चक्क 'बोलूया' म्हणून कळवलं होतं. हाफ डे टाकला होता, मॅनेजरने लगेच ओके केला, कारणही विचारलं नाही. आमच्याकडे कारण विचारत नाहीत, हे एक बरंय.

माझं दिवसाचं काम म्हणजे ग्राहकांना जी पत्रं जातात ती ज्या सिस्टिममधून निघतात तिच्याकडे बघणं. हप्ता थकला की पत्र, पत्ता बदलला की पत्र. लोकांना वाटतं कुणीतरी बसून लिहीत असेल. कुणी लिहीत नाही हो, कधीकाळी कुणीतरी टाइप करून ठेवलेला टेम्प्लेट असतो, त्यात नाव आणि आकडा जाऊन बसतो आणि रात्रीच्या बॅचला पीडीएफ निघतात. सगळं नीट चाललं तर मी आहे हे कुणाच्या गावीही नसतं, फक्त पगार वेळेवर येतो.

दीड वाजता लॅपटॉप मिटणार तेवढ्यात तक्रारीचं एक तिकीट आलं, सगळ्यात खालच्या प्रायॉरिटीचं. 'मराठी पत्रात काहीतरी विचित्र दिसतंय', एवढंच, खाली स्क्रीनशॉट. सहज म्हणून उघडला तर काय, 'आपल्या दुसर्या हप्त्याबाबत'. खाली 'संबंधित अधिकार्यांशी संपर्क साधावा'. य ला डावीकडून बिलगणारा तो चिमुकला अर्धा र गायब, आणि त्याच्या जागी डोक्यावर रफार.

शेजारच्याला दाखवलं तर त्याला काही वेगळं दिसेचना. "वाचता येतंय की," म्हणाला. शाळा मराठीतच झालीय त्याची! मग बोर्डवर 'दर्या' आणि 'दऱ्या' लिहून दाखवलं, हा समुद्र, त्या डोंगरातल्या, आता सांग. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "पण आपल्या पत्रात समुद्र येतोय कुठे?" गप्पच बसले.

आता जरा कंटाळवाणं सांगते, पण मला ते फार आवडतं. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर एका ठरलेल्या नंबराने ओळखतो, त्या नंबरांची पद्धत म्हणजे युनिकोड. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, मग एक न दिसणारा जोडक, २००डी नंबरचा, आणि मग य. कागदावर दोन्ही सारखेच उमटतात. तर आमच्या डेटा सफाईच्या प्रोग्राममध्ये व्हेंडरच्या कुणा हुशार माणसाने नवीन ओळ घातली होती, न दिसणारे सगळे कॅरॅक्टर उडवा. दिसत नाही म्हणजे कचरा. जोडक उडाला, मागे उरला र, हलन्त आणि य, त्याचा नियमाप्रमाणे रफार झाला. सिस्टिमने काहीच चूक केली नाही, जे सांगितलं तेच केलं. आणि टेस्टिंगला का सापडलं नाही, तर टेस्टचा टेम्प्लेट नवीन, त्यात टिंबवाला ऱ, तो व्यवस्थित. जुने टेम्प्लेट जोडकवाले, तेवढेच बिघडले. टेस्टिंगवाल्यांनी मराठी पत्र उघडून वाचलं असतं तरी त्यांना सापडलं नसतं, आणि त्यांनी ते वाचलं नव्हतंच.

हे सगळं मला वीस मिनिटांत कळलं. ऑफिसात हे कुणालाच माहीत नसतं, मला माहीत होतं कारण माझ्याच फॉन्टमध्ये या एका जोडणीपायी मी कितीतरी रात्री घालवल्यात. तोच उद्योग शिरोरेषेचा. शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर जराशा चढवाव्या लागतात, नुसत्या टेकवल्या तर काही साइजला मधे केसाएवढी फट दिसते. हे कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "फॉन्ट तर फुकट मिळतात ना?"

असो. उडवायच्या कॅरॅक्टरच्या यादीतून २००डी वगळायचा, एका ओळीचा बदल. तीनला टेस्ट झाला, पावणेचारला लाइव्ह. रात्रीची बॅच वाचली. मी तेव्हाच निघायला हवं होतं.

नाही निघाले. म्हटलं बाकीचे टेम्प्लेट बघून घेऊ. शंभरावर आहेत, एकेक उघडून वाचत बसले. एकात 'तऱ्हेने' होतं, ते तपासलं. कुठे ल आणि श हिंदी वळणाचे होते, त्याचं वेगळं तिकीट टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. ज्युनियर पोरगी दोनदा म्हणाली, ताई तुम्ही जा, मी करते. पावणेसहाला फाउंड्रीला मेसेज टाकला की ऑफिसात इमर्जन्सी आलीय, पुढे ढकलूया का.

इमर्जन्सी दोन तासांपूर्वीच संपली होती.

हेच डोक्यातून जात नाहीये. चार वर्षं मी सगळ्यांना सांगतेय की नोकरी वेळ देत नाही, नाहीतर फॉन्ट कधीच झाला असता. त्या दिवशी नोकरीने अर्धा दिवस हातात ठेवला होता. आणि दुसरं, जे सांगायला जरा लाज वाटते, त्या दुपारी मला मजा आली. कितीतरी वर्षांत ऑफिसात एवढी आली नव्हती. मग मी कॉलला घाबरून टेम्प्लेटमागे लपले की खरंच ते काम आवडलं म्हणून बसले, मला सांगता येत नाही. लोक एकतर म्हणतात पॅशनच्या मागे जा, नाहीतर म्हणतात येड्यासारखी चांगली नोकरी सोडू नकोस, आणि दोघांचा पगार चालू असतो.

सोमवारी मॅनेजरने सगळ्यांना सीसीत ठेवून कौतुकाची मेल टाकली, त्यात बग काय होता ते चुकीचं लिहिलं होतं. मग बोलावून म्हणाला, भाषेच्या क्वालिटीसाठी वेगळं पद काढतोय, घेशील का? पगार थोडा जास्त, मीटिंगा बऱ्याच जास्त.

फाउंड्रीचं उत्तर त्या शुक्रवारीच तासाभरात आलं होतं. काही हरकत नाही, सोयीची वेळ कळवा, आणि तोवर बारीक साइजचा प्रूफ पाठवा, ळ जरा काळा पडतोय असं वाटतं, तुमचं काय मत? माझं मत दोन वर्षांपासून तेच आहे. काल रात्री ळ उघडला, दोन्ही गोलांतलं वजन, म्हणजे रेषेची जाडी, सहा युनिट कमी केलं, प्रिंट काढली, मग परत होतं तसं केलं. मेलला अजून उत्तर दिलेलं नाही. मॅनेजरलाही विचार करून सांगते म्हटलंय.