एक्सलचा बूट घरीच बदलला: माझा अनुभव

पुढच्या चाकाच्या रिमवर, आतल्या बाजूने, काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले की एक्सलचा बूट फाटला असं समजायचं. एक्सल म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा दांडा, आणि बूट म्हणजे त्याच्या जॉइंटवरचं घड्यांचं, ग्रीस भरलेलं रबरी आवरण. माझ्या गाडीच्या उजव्या बाजूला तेच झालं होतं. पंक्चरसाठी चाक काढलं तेव्हा लक्षात आलं. रबराच्या घड्यांमध्ये, हबकडच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाकडच्या) मोठ्या घडीत, बोटभर लांब चीर पडली होती. सस्पेन्शनच्या खालच्या आर्मवर ग्रीसचा थर बसला होता आणि त्यावर आमच्या लेआउटमधल्या मुरमाची तांबडी धूळ चिकटली होती.

वळताना आवाज मात्र येत नव्हता, आणि माझ्या मते सगळं त्यावरच अवलंबून असतं. हँडल पूर्ण फिरवून गाडी वळवताना चाकातून 'कट-कट' यायला लागलं, म्हणजे बूटच्या आतला सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, एकसारखी गती देणारा) जॉइंट झिजला. मग नुसता बूट बदलून काही होत नाही. या जॉइंटमध्ये सहा पोलादी गोळ्या बाहेरच्या वाटीच्या आणि आतल्या तुकड्याच्या खाचांमध्ये फिरत असतात. म्हणूनच चाक वळलेलं असो की खड्ड्यात आपटत असो, त्याला गिअरबॉक्सकडून एकसारखी गती मिळते. खाचा घासून अगदी नेमक्या मापाच्या केलेल्या असतात. ग्रीसमध्ये मुरूम मिसळला की त्याचा पॉलिश पेपर होतो. पावसाळा तोंडावर होता आणि पाणी शिरलं तर गंजही धरणार होता, म्हणून काम पुढे ढकलायचं नव्हतं.

गॅरेजवाला म्हणाला, "भाऊ, बूट कशाला बदलता, पूर्ण एक्सलच टाकून घ्या." त्याचं गणित मला कळतं. एक्सल खोलायची मेहनत दोन्हीकडे तेवढीच, वर जुन्या जॉइंटची हमी त्याने का घ्यावी? पण चांगला जॉइंट भंगारात द्यायला माझं मन तयार होईना. बूट काही शे रुपयांत येतो, एक्सलला हजारो मोजावे लागतात.

बूटचं किट नागपूरच्या घाट रोडवरून आणलं. मॉडेल, वर्ष, पेट्रोल की डिझेल, एबीएस आहे की नाही, हे सगळं सांगूनच घ्यावं लागतं. किटमध्ये बूट, दोन क्लिपा, ग्रीसची पुडी आणि सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असते. एक्सलचा नट वेगळा घेतला, कारण कड ठोकून बसवलेला नट दुसऱ्यांदा वापरायचा नसतो. मधून चिरलेला आणि चिकटवून लावायचा बूटही मिळतो. त्यासाठी एक्सल काढावा लागत नाही. पण तो लावला तर आतली घाण आतच राहते, म्हणून मी तो घेतला नाही.

मे महिन्यात नागपुरात दुपारी पाना हातात धरवत नाही, म्हणून पहाटेच सुरुवात केली. चाक जमिनीवर असतानाच एक्सलचा नट सैल करायचा. आधी छिन्नीने नटाची ठोकलेली कड उचलली. शेजारचे काका ब्रेकवर पाय ठेवून बसले आणि मी पान्याच्या दांड्यात लांब पाइप घालून जोर लावला. "काहून बाप्पा, हलत नाही का?" असं काका विचारतात न विचारतात तोच नट कुरकुरत फिरला. मग मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, गाडी उचलली आणि लोखंडी स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही हात घालू नये, घाई कितीही असली तरी.

चाक काढल्यावर खालच्या बॉल जॉइंटचा बोल्ट काढला आणि पहारीने आर्म खाली दाबून नकल, म्हणजे हब धरून ठेवणारा भाग, मोकळा केला. शॉकअबसॉर्बरचे बोल्ट हलवले नाहीत. ते हलवले की अलाइनमेंट करून घ्यावं लागतं. नकल बाहेर ओढून एक्सलचं टोक हबमधून सरकवून काढलं. इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. एक म्हणजे ब्रेकच्या होजवर ताण येऊ द्यायचा नाही. दुसरी म्हणजे एक्सल बाहेर ओढायचा नाही, नाहीतर गिअरबॉक्सकडचा जॉइंट आतल्या आत सुटतो. मी एक्सल तारेने वर बांधून ठेवला.

माझ्या गाडीत बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा, जॉइंट एक्सलवर सर्क्लिपने धरलेला आहे. सगळ्या गाड्यांत तसं नसतं. काही गाड्यांमध्ये तो खोलायचा नसतो आणि बूट गिअरबॉक्सकडच्या बाजूने घालावा लागतो. आधी मॅन्युअल बघावं. जुना बूट कापला, ग्रीस पुसलं, आतल्या तुकड्यावर पितळी दांडा टेकवला आणि हातोड्याचा एक सणसणीत घाव घातला. जॉइंट सुटून हातात आला.

यापुढचं काम मात्र सावकाश करायचं. कडेचं ग्रीस चिमटीत घेऊन चोळलं तर रवाळ लागलं. खोलवरचं काढलं तर लोण्यासारखं मऊ. म्हणजे माती कडेलाच अडकली होती. जॉइंट रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने धुतला, रॉकेल ओतलं, पुन्हा ताजं घेतलं. तळाशी वाळूचा कण बसेनासा झाल्यावरच थांबलो. मग आतला तुकडा एकेका बाजूला कलवून बॅटरीच्या उजेडात प्रत्येक खाच पाहिली आणि नखाने चाचपली. गोळी जिथे धावते तिथे चकचकीत पट्टा होता, पण खड्डा किंवा पायरी कुठे नव्हती. नख अडकलं असतं तर मी तिथेच थांबून नवा जॉइंट आणला असता. जॉइंट पूर्ण कोरडा होईपर्यंत चहा घेतला, कारण रॉकेल राहिलं तर नवं ग्रीस पातळ होतं.

आधी छोटी क्लिप, मग बूट, मग नवी सर्क्लिप, आणि शेवटी जॉइंट. हा क्रम चुकला तर सगळं पुन्हा खोलावं लागतं. पुडीतलं काळं मोलिब्डेनमचं ग्रीस बरंचसं गोळ्यांमध्ये दाबून भरलं, उरलेलं बूटमध्ये. साधं चेसिसचं ग्रीस इथे चालत नाही. जॉइंट ठोकल्यावर सर्क्लिप खाचेत बसल्याचा 'टक्' आवाज आला, तरी ओढून खात्री केली. क्लिपा आवळण्याआधी बूटची छोटी कड बोथट काडीने किंचित उचलून आतली हवा सोडली. हवा अडकली की बूट फुगतो, नाहीतर आत ओढला जातो, आणि घड्या एकमेकींवर घासून पुन्हा फाटतात.

बाकी सगळं उलट्या क्रमाने बसवलं. नवा नट चाक जमिनीवर टेकल्यावर टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याइतका आवळला आणि त्याची कड पंचने खाचेत बसवली. तो नट सैल असताना गाडी एक फूटही ढकलायची नाही, बेअरिंग खराब होतं.

मोकळ्या प्लॉटवर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून गोल चकरा मारल्या. आवाज नाही. चार-आठ दिवस चालवून पुन्हा खाली वाकून पाहिलं. बूट कोरडा, क्लिपा जागच्या जागी. तेव्हाच डाव्या बाजूचा बूटही बोटांनी ताणून बघितला. त्याच्या घडीत केसासारख्या बारीक रेषा उमटल्या आहेत. त्याचं किट आणून ठेवलंय, पाऊस पडायच्या आत तोही बदलतो.